कारणे दाखवा

राज्यघटना लागू होऊन जेमतेम साडेचार महिने झाले होते. १३ जून १९५० रोजी सागर जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरने हुकूम काढला की, ठरावीक गावांत राहणाऱ्या कोणीही शेतीच्या हंगामात विड्या वळायच्या नाहीत. हुकुमामागे रीतसर कायदा होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळाने, म्हणजे नागपूरला भरणाऱ्या विधिमंडळाने, तो १९४८ साली केला होता आणि त्याचा हेतूही वाईट नव्हता. हंगामाच्या दिवसांत मजूर विडीच्या कामाकडे वळले की शेतीला माणसे मिळत नाहीत. ती मिळावीत एवढ्यासाठी हा कायदा. एक विडी कारखानदार आणि विडी कारखान्यातला एक कामगार यांनी त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या नावाने हा खटला ओळखला जातो. अर्ज प्रलंबित असतानाच पहिल्या हुकुमाची मुदत संपली. प्रशासनाने लगेच ८ ऑक्टोबर ते १८ नोव्हेंबरसाठी नवा हुकूम काढला. निकाल लागला तो ८ नोव्हेंबरला, म्हणजे दुसरा हुकूमही संपायला दहा दिवस उरले असताना.

विडीचे काम कसे चालते ते डोळ्यांपुढे आणले की या निकालाचे मर्म कळते. ओसरीवर मांडीवर सूप घेऊन बसायचे, भिजवलेले तेंदूचे पान कात्रीने मापात कापायचे, तंबाखूची चिमूट पसरून पान वळायचे, टोक दुमडून दोरा गुंडाळायचा. या कामाला ना शेत लागते, ना अंगात फारसे बळ. म्हणून तर म्हाताऱ्या, आजारी, अपंग माणसांना आणि तान्हे मूल असलेल्या बाईला ते जमते. न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी निकालपत्रात नेमके यावरच बोट ठेवले. शेतमजुरांना हंगामात विडीच्या कामावर घेऊ नका, असा नियम सरकारला करता आला असता. कामाचे तास ठरवून देता आले असते. पण या हुकुमाने ज्यांच्या हातून शेतीचे काम होणारच नाही अशांचीही कमाई बंद केली, आणि शेतावर काम नसलेल्या वेळी चार विड्या वळून दोन पैसे मिळवण्याची मजुराची वाटही अडवली. त्या म्हातारीला घरी रिकामे बसवून शेतीला एकही जादा मजूर मिळणार नव्हता. हेतू एक, बंदी भलतीकडेच. कायदा रद्द झाला.

व्यक्तिस्वातंत्र्यावरची आपली चर्चा बहुधा एका ठरलेल्या चाकोरीतून जाते. एक बाजू म्हणते, स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे. दुसरी म्हणते, सरकारने आमच्या जगण्यात नाक खुपसू नये. मग वाद सुरू होतो तो त्या विशिष्ट स्वातंत्र्याच्या लायकीवर. दारू पिणे हा काय हक्क आहे? बारमध्ये नाचणे ही काय कला आहे? विडी वळणे हे काय राष्ट्रकार्य आहे? माझ्या मते भारतीय राज्यघटना हा वाद बाजूला सारते आणि वेगळाच प्रश्न विचारते. नागरिकाने आपल्या स्वातंत्र्याची थोरवी सिद्ध करायची नसते. सरकारने आपल्या निर्बंधाचे कारण सिद्ध करायचे असते. ते कारण घटनेने मान्य केलेल्या कारणांपैकी हवे, त्याला कायद्याचा आधार हवा, आणि निर्बंधाची झेप त्या कारणापुरतीच हवी. ‘कारणे दाखवा’ ही नोटीस आपल्याकडे सरकार नोकराला बजावते. घटनेने तीच नोटीस सरकारला कायमची बजावून ठेवली आहे.

ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. मसुदा समितीने घटना परिषदेपुढे जो मसुदा ठेवला, त्यात आजचे कलम १९ हे कलम १३ होते. बोलण्याचे, जमण्याचे, संघटना करण्याचे, फिरण्याचे, राहण्याचे आणि व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य पहिल्या भागात दिलेले, आणि त्याखाली सरकारला निर्बंध घालण्याची मुभा देणारी उपकलमे. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, अशी टीका सभागृहात झाली आणि ती निराधार नव्हती. सार्वजनिक हितासाठी निर्बंध घालता येतील एवढेच लिहिले, तर सार्वजनिक हित कशात आहे हे विधिमंडळ ठरवणार आणि तिथेच विषय संपणार. डिसेंबर १९४८ मध्ये पंडित ठाकुरदास भार्गव यांनी दुरुस्ती सुचवली की ‘निर्बंध’ या शब्दाआधी ‘वाजवी’ हे विशेषण घाला. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली. निर्बंध वाजवी आहे की नाही हे आता न्यायालय तपासू शकणार होते. डॉ. आंबेडकरांचे स्वतःचे मत मूलभूत हक्क निरंकुश असावेत असे मुळीच नव्हते. नोव्हेंबर १९४८ मध्ये मसुदा मांडताना अमेरिकेतही हे हक्क निरंकुश नाहीत, हे त्यांनी तिथल्या निकालांचा दाखला देऊन सांगितले होते. निर्बंध असणारच, प्रश्न होता तो त्यांचा हिशेब कोणाला द्यायचा हा. भार्गवांच्या दुरुस्तीने त्याचे उत्तर दिले.

मात्र भाषणस्वातंत्र्याच्या उपकलमात हे विशेषण तेव्हा आले नव्हते. ते आले १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत, आणि तेही एका विलक्षण क्रमाने. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या राज्यात मज्जाव केला. संपादक रमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे १९५० मध्ये जिंकले. सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण भाषणावरील निर्बंधांच्या यादीतच नाही, असे न्यायालयाने सांगितले. मग केंद्र सरकारने घटना दुरुस्त करून ते कारण यादीत घातले, सोबत आणखी दोन घातली. सरकारचा हात मोकळा करणारी दुरुस्ती म्हणून ती ओळखली जाते आणि ते खरेच आहे. पण त्याच दुरुस्तीने भाषणावरचे निर्बंधही ‘वाजवी’ असण्याची अट घातली. पुढच्या सत्तर वर्षांत वृत्तपत्रे, सिनेमे, पुस्तके आणि इंटरनेटवरचे लिखाण यांच्या बाजूने जे जे निकाल लागले, त्यांतल्या बहुतेकांचा पाया या अटीत आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ मार्च २०१५ मध्ये रद्द झाले, त्याचे उदाहरण घ्या. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर २०१२ साली पालघरमध्ये दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली आणि त्यातून हे प्रकरण उभे राहिले. ‘त्रासदायक’ मजकूर म्हणजे नेमका कोणता, हे कायद्याने सांगितलेच नव्हते. पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याला जो वाटेल तो. ज्या निर्बंधाची हद्दच आखलेली नाही तो वाजवी कसा ठरणार?

कारण विचारण्याची ही सवय न्यायालयालाही एका दिवसात लागली नाही, आणि १९५० हे वर्ष त्याची अस्वस्थ करणारी साक्ष देते. विडीच्या निकालाआधी सहा महिने, मे १९५० मध्ये, याच न्यायालयापुढे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेचा प्रश्न आला. कलम २१ म्हणते की, कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. बहुमताने अर्थ लावला की, संसदेने कार्यपद्धती ठरवून दिली की पुरे. ती न्याय्य आहे का हे न्यायालयाने पाहायचे नाही. न्यायमूर्ती फझल अली एकटे वेगळे बोलले. म्हणजे त्या वर्षी विडी वळायला बंदी करणाऱ्या सरकारला वाजवी कारण द्यावे लागत होते आणि माणसाला खटल्याविना तुरुंगात ठेवणाऱ्या सरकारला लागत नव्हते. हा उफराटा न्याय होता, असेच मला वाटते. तरीही त्या निकालातली एक गोष्ट विसरू नये. प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याचे कलम १४ स्थानबद्धतेची कारणे न्यायालयापुढेही उघड करायला मनाई करत होते. तेवढे कलम मात्र याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. निर्बंध मान्य करणाऱ्या न्यायाधीशांनाही त्याचे कारण लपवून ठेवणे मान्य झाले नाही.

ही दरी बुजायला अठ्ठावीस वर्षे लागली, आणि मधल्या काळात आणीबाणी येऊन गेली. ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली डांबलेल्यांना आपली स्थानबद्धता कायद्याला धरून नाही असे न्यायालयात म्हणता येते, असे नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले होते; त्यांत मुंबई उच्च न्यायालयही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते फिरवले. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारले होते की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले, तर त्यावरही इलाज नाही का? आणीबाणी आहे तोवर नाही, असे ॲटर्नी जनरल निरेन डे यांनी उत्तर दिले. सरकारला कारण विचारायचेच नाही असे एकदा ठरले की तर्क कुठवर जाऊन पोहोचतो, ते या उत्तराइतके स्पष्ट मी दुसरीकडे वाचलेले नाही. एकट्या खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले, आणि पुढे ज्येष्ठता डावलली जाऊन त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. तो बहुमताचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने उघडपणे मोडीत काढला तो ऑगस्ट २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्कावरील पुट्टस्वामी खटल्यात. १९७६ च्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. त्यांचे मत चुकीचे होते असे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचे पुत्र.

दरम्यान १९७७ साली मनेका गांधींचा पासपोर्ट जप्त झाला होता. सार्वजनिक हितासाठी जप्त केला, एवढेच पत्रात होते. त्यांनी कारणे मागितली. सरकारचे उत्तर आले की, सार्वजनिक हितासाठीच कारणे देता येत नाहीत. सार्वजनिक हित या दोन शब्दांमागे सरकार किती सहज दडू शकते, याचा हा नमुना. जानेवारी १९७८ च्या निकालाने कलम २१ मधली कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे, असे ठरवले आणि घटनेची कलमे १४ (समानता), १९ व २१ एकमेकांत गुंतलेली आहेत हेही सांगितले. विडीला जे संरक्षण १९५० मध्ये मिळाले होते, ते अखेर माणसाच्या देहालाही मिळाले.

ही कसोटी खरोखर कशी लावली जाते हे पाहायचे, तर महाराष्ट्रातल्या डान्सबारच्या प्रकरणाइतके उद्बोधक उदाहरण नाही. २००५ साली गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्सबार बंद करण्याची घोषणा केली. मुंबई पोलीस कायद्यात ३३ अ आणि ३३ ब ही दोन नवी कलमे घातली गेली. दोन्ही सभागृहांत विधेयक एकमताने संमत झाले. पहिल्या कलमाने उपाहारगृहे, परमिट रूम आणि बिअर बार यांतल्या नाचावर सरसकट बंदी आणली. दुसऱ्याने नाट्यगृहे, सभासदांचे क्लब, जिमखाने आणि तीन व त्याहून अधिक तारांकित हॉटेले यांना त्यातून वगळले. सरकारची कारणे अशी: नाच अश्लील असतो, बायकांचे शोषण होते, मुलींची खरेदी-विक्री चालते, गुन्हेगारी वाढते, घरातला कर्ता पुरुष पगार उधळतो. यातले एकही कारण क्षुल्लक नव्हते. कित्येक घरांतल्या स्त्रियांनी या बंदीचे मनापासून स्वागत केले होते, आणि त्यांच्या दुःखाला खोटे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

पण न्यायालयापुढे प्रश्न होता की, या कारणांचा आणि या उपायाचा सांधा जुळतो का? एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालांत एकेक कारण घेऊन त्याच्याशी झटापट केलेली दिसते. नाच अश्लील असेल, तर अश्लीलतेविरुद्ध भारतीय दंडविधान होते, परवान्याच्या अटी होत्या, परवाना रद्द करण्याचे अधिकार पोलिसांकडे होते. ते वापरून अपयश आले असे सरकारने दाखवले नव्हते. नाचच स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधक असेल, तर तोच नाच पंचतारांकित हॉटेलात प्रतिष्ठेचा कसा होतो? श्रीमंत गिऱ्हाईक सभ्य आणि गरीब गिऱ्हाईक असभ्य, असे गृहीत धरल्याखेरीज ही दोन कलमे शेजारी शेजारी उभी राहूच शकत नव्हती, आणि घटना हे गृहीतक चालवून घेत नाही. शोषण होते म्हणावे, तर एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने स्त्री-संघटनांसोबत केलेल्या पाहण्या न्यायालयापुढे होत्या. त्यांत यातल्या अनेक जणी पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या समाजांतून आलेल्या आणि घर चालवणाऱ्या बायका आहेत, असे दिसत होते. बंदीमुळे सुमारे ७५,००० स्त्रियांचा रोजगार गेला, हा आकडा निकालात आहे. त्यांतल्या कित्येकींना पोटासाठी वेश्याव्यवसायाकडे वळावे लागले, याची नोंदही आहे. ज्यांच्या संरक्षणासाठी म्हणून कायदा आला, त्यांनाच त्याने अधिक धोक्याच्या जागी लोटले. ओसरीवरच्या विडी वळणाऱ्या म्हातारीची आणि या बायकांची कहाणी एकाच जातीची आहे.

बंदी दोन्ही न्यायालयांत टिकली नाही, पण सरकारने हार मानली नाही. २०१४ मध्ये तारांकित हॉटेलांची सवलत काढून टाकून बंदी पुन्हा आणली. तिला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्थगिती दिली. २०१६ मध्ये तिसरा कायदा आला, तोही एकमताने. या वेळी बंदीचे नाव नव्हते, परवान्याच्या अटी होत्या. शाळा किंवा धार्मिक स्थळापासून एक किलोमीटरच्या आत डान्सबार नको; नाच असेल तिथे दारू नको; नाचाची जागा आणि बसण्याची जागा यांत भिंत हवी; सगळीकडे सीसीटीव्ही हवा; हातात टीप देता येणार नाही. मुंबईत शाळा आणि देवळापासून किलोमीटरभर दूर असलेली जागा शोधून दाखवावी! १७ जानेवारी २०१९ च्या निकालात न्यायमूर्ती ए. के. सिक्री आणि न्यायमूर्ती अशोक भूषण यांनी या अटी एकेक करून तपासल्या. अंतराची, भिंतीची, दारूबंदीची आणि कॅमेऱ्याची अट रद्द झाली. संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळेची मर्यादा मात्र कायम राहिली. नोटा उधळण्याची मनाई कायम राहिली, हातात टीप द्यायला हरकत नाही असे ठरले. निर्बंध म्हणजे काय आणि बंदी म्हणजे काय, हे या निवाड्याइतके तपशिलात क्वचितच कुठे समजावले गेले असेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. दोन्ही सभागृहांनी एकमताने केलेला कायदा दोन न्यायाधीशांनी का मोडायचा? लोकांनी आमदार निवडले, न्यायाधीश नाही निवडले. लोकशाहीत याला वजन आहेच, आणि म्हणूनच कायदा घटनेला धरून आहे असे न्यायालय सुरुवातीला गृहीत धरते. पण कायद्याने आपल्या मूलभूत हक्कावर थेट घाला घातला हे नागरिकाने दाखवले की, तो घाला वाजवी आहे हे दाखवण्याचा भार सरकारवर येतो. १९५४ च्या सगीर अहमद खटल्यापासून हे स्पष्ट आहे. शिवाय न्यायालय धोरण ठरवत नाही. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याला बलसारा यांनी आव्हान दिले, तेव्हा १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दारूवरची बंदी उचलून धरली. दारूबंदी शहाणपणाची की वेडेपणाची, यात ते पडले नाही. मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यापर्यंत पसरलेला बंदीचा भाग तेवढा त्याने छाटला, आणि मादक पदार्थाची तारीफ करणे हाही गुन्हा ठरवणारी तरतूद भाषणस्वातंत्र्याविरुद्ध म्हणून काढून टाकली. एकमताबद्दल मला आणखी एक सांगावेसे वाटते. ज्या विषयावर एकही आमदार विरोधात बोलायला धजत नाही, तिथे ज्यांच्यावर निर्बंध येतो त्यांचा सभागृहात कोणी वाली नसतो. बारबालांच्या बाजूने उभे राहून कोणाला मते मिळणार होती? मूलभूत हक्कांचे प्रकरण घटनेत घातले गेले ते अशाच माणसांसाठी.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. संकटात पुरावे गोळा करत बसायला वेळ कोणाला असतो? साथ आली, पूर आला, दंगल पेटली, तर सरकारने आधी कृती करायची की आधी कागद रंगवायचे? महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ साली साथरोग कायदा झाला, अवघ्या चार कलमांचा, सरकारला हवे ते करू देणारा. त्यानंतर पुण्यात घराघरांत सैनिक शिरले, माणसे छावण्यांत हलवली गेली, आणि त्यातून उसळलेला संताप मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. तोच कायदा २०२० मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा बाहेर निघाला. पहिल्या आठवड्यांत, विषाणूबद्दल फारसे काही ठाऊक नसताना, सरकारने सावधगिरीच्या बाजूने झुकावे हे मला पूर्ण मान्य आहे. धोका किती मोठा आणि किती तातडीचा हे पाहूनच निर्बंधाचा वाजवीपणा मोजायचा, असे सरन्यायाधीश पतंजली शास्त्री यांनी १९५२ मध्येच व्ही. जी. रो खटल्यात सांगून ठेवले आहे. पण तातडी ही ओसरणारी गोष्ट आहे. जसजशी माहिती वाढते, तसतशी सरकारची कारण देण्याची जबाबदारीही वाढत जाते.

मुंबईच्या लोकलचे उदाहरण पाहा. १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीचे दोन डोस घेऊन १४ दिवस उलटलेल्यांनाच मासिक पास मिळू लागला. ज्याने लस घेतलेली नाही, त्याला विरार किंवा बदलापूरहून कामावर यायचे तर रस्त्याने तासन्‌तास आणि दुप्पट-तिप्पट खर्चाने यावे लागणार होते. लस मी हिताचीच मानतो. प्रश्न लसीचा नाही. मुंबई उच्च न्यायालयापुढे हे प्रकरण आले, तेव्हा पहिली चौकशी अगदी साधी निघाली: हा निर्णय घेतला कोणी? आपत्ती व्यवस्थापनाच्या नियमांप्रमाणे तो राज्य कार्यकारी समितीने घ्यायला हवा होता. आदेश निघाले होते मुख्य सचिवांच्या एकट्याच्या सहीने. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने यावर कडक शब्दांत नापसंती नोंदवली. पाठोपाठ २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कोणालाही लस टोचून घेण्याची सक्ती करता येत नाही, कारण शरीरावरचा हक्क कलम २१ मध्ये येतो. मात्र समाजाच्या आरोग्यासाठी न घेणाऱ्यांवर काही निर्बंध घालता येतात. फक्त ते प्रमाणात हवेत. लस न घेतलेल्याकडून संसर्ग अधिक पसरतो असे दाखवणारी माहिती सरकारांनी न्यायालयापुढे ठेवली नव्हती, आणि रुग्णसंख्या खाली आली होती. तेव्हा असे निर्बंध आता आढावा घेऊन मागे घ्यावेत, अशी सूचना न्यायालयाने केली. संकटातही सरकारचे हात बांधले गेले नाहीत, आणि संकटाच्या नावाखाली कारण देण्यातून त्याची सुटकाही झाली नाही.

या व्यवस्थेची खरी दुबळी बाजू वेगळीच आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारण मागितले जाते, पण उशिरा. बारमधल्या स्त्रियांना २००५ पासून २०१३ पर्यंत आणि प्रत्यक्षात त्यापुढेही वाट पाहावी लागली. नाचण्याच्या वयाची वर्षे निकालाने परत येत नाहीत. विडीचा पहिला हुकूम न्यायालयाने त्याच्याकडे पाहण्याआधीच संपला होता. आदेश अल्पमुदतीचा असेल, तर तो तपासला जाण्याआधीच मरतो आणि दुसऱ्या दिवशी नव्या तारखेने जन्मतो. महाराष्ट्रात हे आपण दर महिन्याला पाहतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात: शस्त्रे, काठ्या बाळगू नका, पाच किंवा अधिक जणांनी जमू नका, घोषणा देऊ नका. असा जमावबंदीचा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीविना १५ दिवसांपेक्षा जास्त चालवता येत नाही. विधिमंडळाने मुदत घातली ती अधिकार आटोक्यात राहावा म्हणून. व्यवहारात पंधरवडा संपला की पुढचा आदेश निघतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते: आगामी सण-उत्सव, जयंत्या, मोर्चे-आंदोलने यांच्या पार्श्वभूमीवर कायदा व सुव्यवस्था राखण्यासाठी. कोणता सण, कोणत्या गावात कसली भीती, आधीच्या पंधरवड्यात काय घडले, याचा त्यात बहुधा मागमूस नसतो.

असेच मनाई आदेश काढण्याचा अधिकार देणारे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये गेले आहे, त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये मधु लिमये यांच्या खटल्यात ते कलम वैध ठरवताना एक अट बांधून दिली होती: प्रसंग खरोखर तातडीचा हवा. जम्मू-काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात, १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात, न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, त्यांत वस्तुस्थिती नोंदवलेली हवी, आणि तेच ते आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणे हा अधिकाराचा गैरवापर आहे, असे त्यात म्हटले आहे. हा निकाल देशभरातल्या प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयाला लागू आहे. त्याचे पालन होते की नाही हे तपासण्यासाठी उच्च न्यायालयात जावेच लागते असे नाही. आपल्या जिल्ह्याचा मनाई आदेश मिळवावा, त्यात भीतीचे ठोस कारण लिहिले आहे का ते पाहावे, मागच्या सहा महिन्यांतले आदेश शेजारी ठेवून मजकूर ताडून पाहावा, आणि तारखांखेरीज काहीच बदललेले नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून ज्या अहवालांवरून हे आदेश निघाले त्यांच्या प्रती मागाव्यात. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची.